उजेड वाढवण्याआधी

पूर्वी रात्रीच्या रस्त्यावर दिव्याच्या रंगावरून गाडीचे वय ओळखता यायचे. पिवळसर उजेड म्हणजे जुनी गाडी, पांढरा म्हणजे नुकतीच शोरूममधून आलेली. ताथवड्याजवळ मुंबई-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्यावर आता हा ठोकताळा चालत नाही. पंधरा वर्षांची वॅगन-आर, पत्रा गंजलेला टेम्पो, दोन-तीन मालक बदललेली पल्सर, सगळ्यांच्या पुढे निळसर पांढरा लखलखाट असतो. भुमकर चौकाकडून पुनावळ्याच्या दिशेने दुचाकीवर निघालेल्या माणसाच्या डोळ्यांत असा एखादा दिवा घुसला, की तो मान खाली घालतो, वेग कमी करतो आणि अंदाजाने पुढे सरकतो. त्या दोन-तीन सेकंदांत रस्त्याच्या कडेने पायी चाललेला कामगार त्याला दिसतच नाही.

तरीही जुन्या गाडीचा मालक जास्त उजेड मागतो, ते उगाच नाही. ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि त्यानंतर शेतांच्या जागी सोसायट्या, महाविद्यालये, गोदामे उभी राहिली. रस्ते मात्र तुकड्यातुकड्याने झाले. झगझगीत दिव्यांखालचा रुंद रस्ता अचानक संपतो आणि पुढे राडारोडा, उघडे चेंबर आणि अर्धवट टाकलेली खडी यांतून वाट काढावी लागते. चाकणला दुसरी पाळी संपवून तळेगावमार्गे घरी परतणाऱ्याची परिस्थिती याहून बिकट. तळेगाव-चाकण रस्त्यावर मोठ्या पट्ट्यात दुभाजक नाही, कंटेनर अंगावर आल्यासारखे येतात आणि आपल्या दिव्याचा उजेड त्यांच्या उजेडात विरून जातो.

आकडेही मालकाच्या बाजूने बोलतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी गाडी थांबायला आणखी ४० मीटर लागतात. जुन्या हॅलोजन दिव्याचा डिपरवरचा कामाचा उजेड साधारण ५०-६० मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे महामार्गावर डिपर लावून ८० ने चाललेला माणूस आपल्याला दिसते त्याच्या पुढे धावत असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडले तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. त्या वेळी वर्दळही जास्त असते, सगळा दोष अंधाराला देता येणार नाही. पण अंधाराचा वाटा नाकारताही येणार नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही, की जुन्या गाडीचा उजेड बहुतेक वेळा बल्बात कमी पडलेला नसतो. तो वायरीत, रिफ्लेक्टरवर, काचेवर आणि चुकलेल्या अँगलमध्ये गमावलेला असतो. तो परत मिळवायचा सोडून मालक जास्त ताकदीचा बल्ब टाकतो. पैसे जातात, समोरच्याचे डोळे जातात आणि स्वतःला दूरचे दिसत नाही ते नाहीच.

हे समजायला एच-४ बल्ब हातात घेऊन पाहावा. मारुती ८००, वॅगन-आर, बोलेरो, सुमो अशा रस्त्यावरच्या असंख्य जुन्या गाड्यांत हाच बल्ब आहे. मोटारीत हॅलोजन बल्ब १९६२ मध्ये युरोपात आला, पण त्यात एकच तार होती. अप्पर आणि डिपर अशा दोन तारा एकाच काचेत बसवणारा एच-४ आला १९७१ मध्ये. त्याच्या आत डोकावले तर एका तारेखाली चमच्याच्या टोकाएवढा धातूचा कप दिसतो. ही डिपरची तार. तिचा खाली जाणारा उजेड तो कप अडवतो. उरलेला फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून रस्त्यावर खाली झुकतो. कपाची एक कड तिरकी कापलेली असते. त्यामुळे आपल्याकडच्या दिव्यात डावीकडचा उजेड थोडा वर चढतो आणि कडेचा माणूस, पाटी, दगड दिसतो. उजवीकडचा खालीच राहतो, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. हा सगळा खेळ तारेच्या जागेवर चालतो. तार मिलिमीटरभर पुढेमागे झाली तरी रस्त्यावर पन्नास मीटरवर उजेडाची कड कुठच्या कुठे जाते.

या बल्बाची ताकद ६०/५५ वॅट. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १३.२ व्होल्टवर तो अप्परला सुमारे १६५० आणि डिपरला सुमारे १००० ल्युमेन उजेड देतो. पंधरा टक्के इकडेतिकडे चालते. मोटरसायकलींत असतो तो धाकटा भाऊ, एचएस-१, ३५/३५ वॅटचा. त्याचे आकडे ८२५ आणि ५२५. इथे १३.२ व्होल्ट ही अट विसरून चालणार नाही, कारण खरी गळती इथूनच सुरू होते.

हॅलोजनची तार व्होल्टेजला फार हळवी असते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड दहा टक्क्यांनी उतरत नाही, जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डमागच्या स्विचपर्यंत, तिथून अप्पर-डिपरच्या दांडीतून, मग लांब बारीक वायरीने पुढे बल्बाकडे जातो. वीस वर्षांत स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, कपलरच्या पिना हिरव्या होतात, अर्थिंगचा बोल्ट गंजतो. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन अशा वेळी बल्ब बदलत नाही. इंजिन चालू ठेवतो, दिवे लावतो आणि मल्टिमीटरच्या दोन सुया आधी बॅटरीवर, मग बल्बाच्या होल्डरमागे टेकवतो. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२ असा फरक निघाला, तर दोष सापडला. १३.२ ऐवजी १२ व्होल्टवर चालणारा बल्ब आपला पाव हिस्सा, किंबहुना त्याहून जास्त उजेड गमावून बसलेला असतो.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: रिले. बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज, पुढे रिले, रिलेपासून बल्ब आणि नवे अर्थिंग. डॅशबोर्डच्या जुन्या स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत हे रिले किट तयार मिळते. त्याच कंपनीचा, त्याच वॅटचा बल्ब या जोडणीनंतर असा पेटतो, की मालकाला बल्ब बदलल्याचा भास होतो. गाडीच्या दिव्यांवर पैसे घालायचे असतील तर पहिले इथे घालावेत.

दुचाकींची कथा थोडी निराळी, आणि ती या पट्ट्याच्याच इतिहासाशी बांधलेली. आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतकवर एक अख्खी पिढी रात्रीची घरी परतली. त्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नव्हता. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलमधून थेट वीज यायची. ॲक्सिलरेटर पिळला की उजेड, चौकात गाडी हळू झाली की दिवा काजव्यासारखा मंद. नेमका खड्डा आला की माणूस वेग कमी करायचा आणि नेमका तेव्हाच उजेड जायचा. पुढच्या अनेक मोटरसायकलींतही बराच काळ हीच पद्धत राहिली. अशा गाडीत एलईडी बल्ब नुसता खुपसला तर तो लुकलुकतो, नाहीतर लवकर मरतो, कारण त्याला मिळते ती वीज एकाच दिशेने वाहणारी नसते. चांगला मिस्त्री आधी कॉइलची जोडणी बदलतो, रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवतो आणि दिवा बॅटरीवर आणतो. यात कसब लागते. कॉइल मुळात किती वॅट देते हे न पाहता केलेले काम रोज सकाळी उतरलेल्या बॅटरीत संपते.

वायर झाली, आता काच. जुन्या गाड्यांच्या दिव्यांना खरी काच असायची. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. पुढे पॉलिकार्बोनेट आले. ते हलके असते, हवा तसा आकार घेते, पण उन्हातली अतिनील किरणे त्यावरचा संरक्षक लेप खातात आणि मग ते धुरकट, पिवळे होत जाते. सोसायटीत सावलीची जागा न मिळालेल्या गाडीचे दिवे पाच-सात वर्षांत असे होतात. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये मोजमाप करून दाखवले, की फार खराब झालेल्या आवरणातून नव्या दिव्याच्या तुलनेत जेमतेम २२ टक्के उजेड बाहेर पडतो. दहांतले आठ भाग आतच अडकले, तर बल्ब दुप्पट करून काय साधणार? शिवाय अडकलेला उजेड सरळ जात नाही, विखुरतो, आणि तोच समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

टूथपेस्टने दिवे घासण्याचा उपाय घरोघरी केला जातो. त्याने वरचा धूसर थर निघतो आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा येतो, कारण घासताना उरलासुरला लेपही जातो. नीट काम म्हणजे बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासणे, पॉलिश करणे आणि शेवटी अतिनील किरणे रोखणारा क्लिअर कोट मारणे. शेवटची पायरी गाळली की सगळी मेहनत वाया.

रिफ्लेक्टरला तर घासायचेच नाही. त्यावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो, की कोरड्या फडक्याने पुसला तरी ओरखडे पडतात. दिव्यात एकदा पावसाचे पाणी शिरले, की तो मुलामा फोड येऊन सुटतो. पुनावळ्याच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर दिव्यात वाफ धरली आहे का, हे पाहून घ्यावे. रिफ्लेक्टर गेला असेल तर दुरुस्ती नाही. अख्खा दिवा बदलावा लागतो. हे कटू असले तरी खरे आहे, आणि मालक बहुधा हे ऐकायला तयार नसतो म्हणून दुकानदार त्याला बल्ब विकून मोकळा होतो.

उरला अँगल, बोलीभाषेत ‘फोकस सेटिंग’. हे काम फुकट आहे आणि तरी सर्वांत दुर्लक्षित आहे. दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा, दुसरा डावी-उजवीकडे. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी माणूस बसवून गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. सोसायटीच्या तळघरातली पार्किंगची भिंत यासाठी उत्तम. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे असलेले एक चाक असते. मागे सामान भरले की गाडीचे नाक वर उठते आणि दिवे आकाशाकडे पाहू लागतात; ते चाक फिरवून उजेड खाली आणायचा असतो. गावाला निघालेल्या, डिकी गच्च भरलेल्या किती गाड्यांत ते चाक शून्यावरच राहते!

एवढे सगळे करून झाले आणि तरी उजेड कमी वाटला, तर मग बाजाराकडे वळावे.

बाजारात चार वाटा आहेत. पहिली, त्याच वॅटच्या पण सुधारित हॅलोजनची. फिलिप्स, ओसराम यांसारख्या कंपन्या ‘१०० टक्के जास्त’, ‘१३० टक्के जास्त’ असे लिहिलेले बल्ब विकतात. ती टक्केवारी रस्त्यावरच्या काही ठरावीक बिंदूंवरच्या उजेडाची असते. एकूण उजेडाला नियमांची मर्यादा आहे, ती दुप्पट होत नाही. या बल्बांत तार अधिक अचूक आणि अधिक दाट गुंडाळलेली असते, म्हणून उजेड जिथे लागतो तिथे गोळा होतो. मोबदल्यात आयुष्य कमी होते. तरी चारही वाटांत जुन्या गाडीसाठी शहाणपणाची वाट हीच. निळसर काचेचे हॅलोजन मात्र टाळावेत. निळा थर उजेडाचा काही भाग गिळतो आणि गाडी फक्त महागडी दिसते.

दुसरी वाट जास्त वॅटची: १००/९०, १३०/१००. ट्रक, जीप आणि जुन्या बोलेरोवाल्यांची ही आवडती. १३० वॅटचा एक बल्ब अकरा अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, दोन मिळून बावीस. वीस वर्षांपूर्वीची वायर यासाठी बनलेलीच नव्हती. आधी प्लॅस्टिकचा कपलर वितळतो, म्हणून दुकानदार सिरॅमिकचा होल्डर देतो. मग उष्णतेने रिफ्लेक्टर काळवंडतो. मग स्विच जळतो. बॉनेटखाली जळक्या रबराचा वास आला की यांतलेच काहीतरी चाललेले असते. गाडी पेटण्यापर्यंत जाऊ शकणारी ही गोष्ट केवळ पन्नास-शंभर रुपयांच्या फरकाने विकत मिळते, याचे वाईट वाटते.

तिसरी वाट झेनॉन, म्हणजे एचआयडी. बीएमडब्ल्यूने १९९१ मध्ये आपल्या ७ सीरिजमध्ये हा दिवा आणला. ३५ वॅटमध्ये तो ३२०० ल्युमेन देतो, हॅलोजन डिपरच्या तिप्पट. म्हणूनच युरोपच्या नियमांनी २००० ल्युमेनच्या वरच्या डिपर दिव्यांना दोन अटी घातल्या: गाडीच्या भाराप्रमाणे आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि दिवा धुणारा फवारा. कारण एवढ्या उजेडात काचेवरची धूळही समोरच्याला आंधळे करू शकते. आपल्याकडे झेनॉनचे स्वस्त किट थेट हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवले गेले, ना फवारा, ना यंत्रणा. ती लाट आता ओसरली, कारण तिची जागा एलईडीने घेतली.

एलईडी ही चौथी वाट आणि आजचा खरा वाद. डिपरसाठी एलईडी वापरणारी पहिली गाडी २००७ ची लेक्सस एलएस ६०० एच. त्यातला दिवा एलईडीसाठीच घडवलेला होता: वेगळी भिंगे, वेगळे रिफ्लेक्टर, उष्णता बाहेर काढण्याची वेगळी सोय. दुकानात मिळतो तो एलईडी बल्ब हॅलोजनच्या साच्यात बसवायचा असतो. हॅलोजनची तार चारही बाजूंना उजेड फेकते. एलईडीच्या चकत्या सपाट पट्टीच्या दोन बाजूंना लावलेल्या असतात. जागा तंतोतंत तीच साधली नाही, की कपाने आखलेली उजेडाची कड फाटते आणि पांढरे पट्टे वर उसळतात. मागचा छोटा पंखा चाकणच्या धुळीत दोन पावसाळे काढेलच असे नाही. तो थांबला की चकत्या तापतात आणि उजेड हळूहळू उतरत जातो.

पण गाडीत बसलेल्याला तो लख्ख का वाटतो? कारण हा उजेड बॉनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरांत सांडतो. जवळचा रस्ता दुधासारखा पांढरा दिसतो, डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरच्या मंद वस्तू टिपण्याची क्षमता कमी होते. सहा-साडेसहा हजार केल्विनचा पांढरा रंग मेंदूला जास्त प्रखर भासतो, तीही भर पडते. चालक म्हणतो, झकास उजेड आहे. साठ मीटरवरचा बंद पडलेला ट्रॅक्टर मात्र आता पूर्वीपेक्षा उशिरा दिसतो. या विषयात सर्वांत जास्त सांगायला हवी ती हीच गोष्ट, कारण ती स्वतःच्या जिवाशी निगडित आहे.

खंडाळ्याच्या घाटात जुलै-ऑगस्टमध्ये धुके आणि पाऊस एकत्र आले की फार पांढरा उजेड समोर भिंत उभी करतो, अशी तक्रार चालक करतात. धुक्यात रंगापेक्षा उजेडाची उंची महत्त्वाची असते. दिवा जितका खाली आणि रुंद, तितका उजेड कमी परततो. पिवळ्या उजेडावरचा विश्वास मात्र जुना आहे. फ्रान्सने १९३६ पासून १९९३ पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले होते.

जर्मनीने एलईडी बल्बांचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. २०२० मध्ये तिथे ओसरामच्या एका एलईडी बल्बाला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण सरसकट नव्हे. अमुक गाडीच्या अमुक दिव्यात हा बल्ब मोजून पाहिला, उजेडाची कड योग्य राहिली, तेवढ्याच गाड्यांची यादी मंजूर झाली. बल्ब चांगला की वाईट हा प्रश्नच तिथे अर्धवट मानला गेला; दिवा आणि बल्ब ही जोडी तपासली गेली. आपल्याकडेही हाच मार्ग योग्य ठरेल.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो, की गाडीपुढे आठ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला: निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ अनधिकृत बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. त्याच वॅटचा, प्रमाणित हॅलोजन बल्ब टाकणे ही दुरुस्ती. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी किंवा झेनॉन घालणे हा बदल. सोसायटीच्या फाटकासमोर उघडपणे विकली जाणारी वस्तू बेकायदा असेल असे गिऱ्हाइकाला वाटत नाही, आणि दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाहीच. विकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

अख्खा दिवा बदलणे हा एक मधला मार्ग. बुलेट, जुनी जीप, जिप्सी, ॲम्बॅसॅडर या गाड्यांना सात इंची गोल दिवा बसतो आणि त्या मापाचे पूर्ण एलईडी दिवे मिळतात. त्यांत भिंग आणि प्रकाशस्रोत एकत्र घडवलेले असल्याने उजेडाची कड साफ येते. मात्र एक गोम आहे. अमेरिका-युरोपातले बहुतेक दिवे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी असतात. त्यांचा चढता उजेड उजवीकडे असतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. परदेशी जीपसाठीचा दिवा ऑनलाइन मागवून थारला लावणाऱ्यांनी भिंतीसमोर उभे राहून ही चढती बाजू आधी पाहावी. हौशी मंडळी दिवा हीट गनने उघडून आत प्रोजेक्टरही बसवतात. नीट बसवला तर तो सुट्या एलईडी बल्बापेक्षा समोरच्याला कितीतरी कमी त्रास देतो. कायद्याच्या नजरेत मात्र तोही बदलच.

दुचाकींच्या बाबतीत एप्रिल २०१७ पासून आणखी एक गोष्ट बदलली. नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो, बंद करायचे बटणच नाही. दिवसा दुचाकी दुरून दिसावी हा हेतू चांगला आहे. पण अशा गाडीत बाहेरचा चुकीचा बल्ब बसला, की तो चौकात, सिग्नलला, वाड्या-वस्तीतल्या अरुंद गल्लीतही सतत समोरच्याच्या तोंडावर असतो.

पूर्वी ट्रकच्या आणि एसटीच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग किंवा मधोमध काळा ठिपका असायचा, आणि ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगवलेली असायची. उपाय ओबडधोबड होता, पण समोरून कोणीतरी येते आहे याची त्यात आठवण होती. आज समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून आपण अप्पर लावायचा, त्याने एलईडी टाकला म्हणून आपण त्याहून मोठा टाकायचा, अशी चढाओढ लागली आहे. महामार्गाच्या दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल हा उजेड काही प्रमाणात अडवते. सेवारस्त्यावर आणि तळेगाव-चाकणसारख्या रस्त्यावर तेही नाही. ताशी ६० ने चाललेल्या दुचाकीस्वाराचे डोळे दोन सेकंद दिपले, तर तो ३३ मीटर न पाहता जातो. साठीच्या माणसाला सावरायला आणखी वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर विचारूच नये. अशा माणसाला ‘रात्री गाडी चालवू नका’ असे सांगून प्रश्न मिटत नाही; त्यालाही पाळीवरून घरी यायचे असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पिंपरी-चिंचवडइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल. दिव्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. तिच्या प्रयोगशाळेत दिव्याचा उजेड अंशाअंशाने मोजला जातो. वाहनांच्या तपासणीचे काम करणारी सीआयआरटी भोसरीजवळ नाशिक रस्त्यावर आहे. ल्युमॅक्ससारख्या दिवे बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने चाकण पट्ट्यात आहेत. नव्या गाडीचा दिवा अशा संस्थांच्या चाचणीतून गेल्याशिवाय बाजारात येत नाही. तोच दिवा बारा वर्षांनी कसा आहे, हे मात्र खासगी मोटारीच्या बाबतीत पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होईपर्यंत सक्तीने कोणी पाहत नाही.

जर्मनीत १९५६ पासून दर ऑक्टोबरात गॅरेजवाले गाड्यांचे दिवे फुकट तपासून देतात. हिवाळ्याचा अंधार सुरू होण्याआधी अँगल, बल्ब, काच पाहायची, सगळे ठीक असेल तर काचेवर एक चिकटपट्टी लावायची, एवढाच कार्यक्रम. आपल्याकडे पीयूसीसाठी प्रत्येक गाडी ठरावीक काळाने केंद्रावर जातेच. तिथे चाकांवर ढकलता येणारे बीम सेटर ठेवता येईल: दिव्यासमोर आणायची एक भिंग बसवलेली पेटी, जिच्या आतल्या पडद्यावर उजेडाची कड वर आहे की खाली, हे मिनिटभरात दिसते. जमीन सपाट हवी आणि हाताशी स्क्रू ड्रायव्हर हवा. मोशीचे परिवहन कार्यालय, सीआयआरटी आणि इथले कारखाने यांनी ठरवले, तर नवरात्र ते दिवाळीच्या काळात ताथवडे, वाकड, चाकण आणि तळेगावात अशी शिबिरे भरू शकतात. सुरुवात शाळेच्या व्हॅन, कंपन्यांच्या बस आणि पाळीच्या वेळी कामगार वाहणाऱ्या टेम्पोंपासून करावी, कारण याच गाड्या रोज रात्री सर्वांत अंधाऱ्या रस्त्यांवर असतात.